कोनशिलेवरचं क्रियापद

शिळा काळी, तीन बाय दोन.
वर मराठी, खाली स्पॅनिश,
कारण पिंपळगावच्या या शीतगृहाचे
अर्धे पैसे मुर्सियाहून आलेत.
मराठीचं काम चेअरमन बोरस्त्यांनी फोनवरच उरकलं:
‘यांच्या शुभहस्ते संपन्न.’
स्पॅनिशसाठी मी,
नाशकात कॉलेज रोडला, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
सात मुलांना ती भाषा शिकवणारी.
एकच वाक्य द्या, मॅडम. उद्या दुपारपर्यंत.

एकच वाक्य,
पण त्याला क्रियापद लागतं.

आब्रीर म्हणजे उघडणे.
दार, डबा, छत्री, बँकेतलं खातं.
सकाळी शटर वर ढकलणाऱ्या माणसाचा शब्द,
अजून तोंडही न धुतलेला.
बोरस्ते म्हणाले, फारच उघडं वाटतं हो.

इनाउगुरार फेटा बांधून येतो.
त्याच्या पोटात जुने रोमन पुजारी उभे आहेत
माना वर करून,
पाखरं कुठल्या अंगानं जातात ते बघत.
पाखरांनी होकार दिल्याशिवाय
कशाचाच नारळ फुटायचा नाही.
रात्री कोश मिटताना हसू आलं:
आपला शकुन तरी कोण?
संस्कृतात नुसतं एक पाखरू.
इतक्या लांबच्या दोन भाषा
आणि दोघींचीही मान अवघडलेली.

इथंच थांबायला हवं होतं.
पण त्याच्याखाली एस्त्रेनार होता.

नवी वस्तू पहिल्यांदाच वापरणे,
असं कोशात लांबलचक लिहिलंय.
आमच्या घरी दोनच शब्द लागायचे.
येवल्याची साडी आणली मावशीनं,
स्वतः नेसली नाही,
माझ्या हातात ठेवून म्हणाली,
तू मोड घडी.
सणाला मी ती नेसून मिरवले, डाळीचा डागही पाडला,
आणि मग ती तिची झाली.

घडी मोडणे. हेच. हाच शब्द कोरायचा,
म्हणून सकाळची बस धरून पिंपळगावला गेले.
आत थंडी. निळ्या टोप्या घातलेल्या बायका
द्राक्षांचे घड कात्रीनं नीट करत होत्या.
सिंधूबाई निरगुडे म्हणाल्या,
आठ दिवस झाले की सुरू करून.
दोन कंटेनर गेले पण समुद्रावर.
मग परवा साहेब काय उघडणारेत?

मी गप्प.
घडी तर मोडून झाली होती.
शुभहस्तांना रबरी हातमोजे होते
आणि एका बोटाला कात्री लागल्याची पट्टी.

दुपारी पंचवटीत घडवजेंकडे.
अक्षराला बावीस रुपये.
छिन्नी कानामागे खोचत ते म्हणाले,
ताई, दगडाला खोडरबर नसतो, नीट सांगा.
मी नीट सांगितलं.
इनाउगुरादो. रोमन लिपीत दहा अक्षरं,
दोनशे वीस रुपये.
खरं क्रियापद पर्समध्येच राहिलं,
बसच्या तिकिटामागे लिहिलेलं.

परवा पडद्याची दोरी अडकली.
कुणी स्टूल आणलं, कुणी पक्कड.
साहेब हसऱ्या चेहऱ्यानं ताटकळले.
तेवढ्यात एक धोबी पक्षी
शेपटी नाचवत मंडपातून आरपार गेला,
डावीकडून की उजवीकडून,
माझ्याशिवाय कुणी पाहिलं नाही
आणि मला रोमनांचा नियम आठवेना.

मुर्सियाच्या नुरियाबाईंनी शिळा वाचली,
मान डोलावली. मग हळूच, त्यांच्या भाषेत:
आणि एस्त्रेनार कुणी केलं?
मी त्यांना मागच्या दारानं आत नेलं.
पट्टा चालूच होता. माल थांबत नाही, भाषण थांबतं.

सिंधूबाईंनी मान वर न करता विचारलं,
काय लिवलंय त्या दगडावर?
उद्घाटन झालं, असं.
कुणी केलं?
मी नाव सांगितलं, पदासकट.

बरं, म्हणाल्या,
आणि पुढचं खोकं ओढलं.